शाफ्ट मऊ केला की ड्राइव्ह १५ यार्ड लांब जाईल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ४७, येरवड्याच्या कोर्सवर शनिवार-रविवारी गोल्फ खेळता, सिम्युलेटरवर ड्रायव्हरचा (सर्वांत लांब मारायच्या क्लबचा) वेग ताशी ९० ते ९४ मैल दाखवतो. ड्रायव्हर ९ अंश लॉफ्टचा (लॉफ्ट म्हणजे चेंडूला लागणारा फेस मागे झुकलेला असतो तो कोन), शाफ्ट (क्लबची दांडी) स्टिफ, म्हणजे रेग्युलरपेक्षा ताठ, ६५ ग्रॅमचा. चेंडू खालून, कमी उंचीने जातो आणि शेवटी उजवीकडे वळतो. बरोबर खेळणाऱ्या मित्राने सांगितलं, ‘तुझ्या वेगाला हा शाफ्ट वाकतच नाही, रेग्युलर घे. तो मागे वाकतो आणि चेंडूवर सुटतो, १५ यार्ड फुकट मिळतील.’ तुम्ही इंजिनिअर असल्यामुळे त्या ‘फुकट’वर तुमचा विश्वास बसेना.

बसू नये हेच बरं. क्लब बांधणं, शाफ्ट बदलणं आणि माणसाला साजेसा क्लब जुळवून देणं हा माझा व्यवसाय आहे. शाफ्ट विकले तर माझाच फायदा, तरी सांगतो: तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. शाफ्टच्या लवचिकतेमुळे क्लबहेडचा (दांडीच्या टोकाशी असलेल्या, चेंडूला मारणाऱ्या भागाचा) वेग वाढतो का, हा एक. शाफ्ट बदलल्यावर चेंडू लांब जाऊ शकतो का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जवळजवळ ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचं ‘जाऊ शकतो’, पण मित्र सांगतात त्या कारणाने नाही.

आधी शाफ्ट नेमकं काय करतो ते बघू. बॅकस्विंग (क्लब मागे वर नेणं) संपून क्लब खाली वळतो तेव्हा हात आधी निघतात आणि हेड मागे रेंगाळतं. त्या क्षणी शाफ्ट मागे वाकतो, ड्रायव्हरमध्ये टोकाशी ढोबळमानाने १० सेंटिमीटर, झटक्याने खेचणाऱ्यांचा त्याहून जास्त. (म्हणजे ‘वाकतच नाही’ असा शाफ्ट नसतोच.) वरून चेंडूपर्यंत यायला सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात शाफ्ट सरळ होतो आणि चेंडूपाशी पोहोचताना बहुतेकांचा शाफ्ट उलट, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला, पुढे वाकलेला असतो. मोबाइलच्या व्हिडिओत तो अर्धगोल झालेला दिसतो त्यावर जाऊ नका. फोनचा कॅमेरा चित्र एकेका ओळीने टिपतो, तेवढ्यात क्लब पुढे सरकलेला असतो, आणि जो बाक दिसतो त्यातला बराचसा कॅमेऱ्याचा असतो.

आता मित्राची गोष्ट: मागे वाकताना शाफ्टमध्ये ऊर्जा साठते आणि ती चेंडूवर सुटते. आकडे घालून बघू. तुमच्या ड्रायव्हरसारखा क्लब कंपनं मोजणाऱ्या फ्रीक्वेन्सी मशीनवर ग्रिपच्या, म्हणजे मुठीच्या, बाजूने आवळून झंकारला की मिनिटाला साधारण २५० कंपनं देतो. हेड २०० ग्रॅमचं. यावरून टोकाचा ताठपणा निघतो मीटरला सुमारे १५० न्यूटन. १० सेंटिमीटर वाकवायला टोकाशी दीड किलो टांगलं तरी पुरतं, आणि तेवढ्या बाकात साठणारी ऊर्जा पाऊण ज्यूल. तुमचं हेड ताशी ९२ मैलांनी, म्हणजे सेकंदाला ४१ मीटरने चेंडूवर येतं तेव्हा त्यात १६८ ज्यूल असतात. पाऊण ज्यूल म्हणजे त्याच्या अर्धा टक्कासुद्धा भरत नाही.

इथे एखादा चाणाक्ष वाचक मला अडवेल, आणि त्याने अडवावंच. पाऊण ज्यूल २०० ग्रॅमच्या हेडला मिळाले तर हातांच्या तुलनेत त्याला सेकंदाला २.७ मीटरचा, म्हणजे ताशी ६ मैलांचा जादा वेग मिळतो. ड्रायव्हरला ताशी एका मैलामागे अडीच यार्ड हा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब. ६ मैल गुणिले अडीच, बरोबर १५ यार्ड! मित्राने आकडा हवेतून काढलेला नाही.

पण हाच प्रसंग जमिनीवर उभं राहून बघा. हेडचा वेग सेकंदाला ३८.३ मीटरवरून ४१ वर न्यायला साधारण २१ ज्यूल लागतात. शाफ्टकडे होते पाऊण. बाकीचे २० आले कुठून? ते तुमच्या हातांनी दिले. शाफ्ट सरळ होताना हेडला पुढे ढकलतो तसा ग्रिपला मागेही ढकलतो, आणि त्या रेट्यासमोर ग्रिपचा फिरण्याचा वेग कमी पडतो. शाफ्टच्या या सुटण्याला आम्ही किक म्हणतो; ती खरी आहे, मोजता येते. फक्त ती एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलेली असते. शाफ्ट मऊ केला की किक वाढते आणि ग्रिपचा वेग जवळपास तेवढाच घटतो. कॅनडातले साशो मॅकेन्झी आणि एरिक स्प्रिगिंग्ज यांनी २००९ साली संगणकावर स्विंगचं प्रतिमान चालवून शाफ्टचा ताठपणा बदलून पाहिला, तेव्हा हेच दिसलं. त्याआधी १९९२ मध्ये मिल्न आणि डेव्हिस यांनीही असाच निष्कर्ष काढला होता की वेगाच्या बाबतीत शाफ्टच्या वाकण्याची भूमिका दुय्यम आहे.

आणि समजा, वादापुरतं, किक खरोखर फुकट असती. तरी तुमच्यापुढचा पर्याय ‘किक की बिनकिक’ असा नाही, स्टिफ की रेग्युलर असा आहे. माझ्या मशीनवर नेहमी येणारे आकडे घ्या: रेग्युलर २४५, स्टिफ २५८. ताठपणा कंपनांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे दोघांत फरक ११ टक्क्यांचा. एवढ्याने किकचा वेग ५ टक्के वाढेल. ६ मैलांचे ५ टक्के म्हणजे ताशी ०.३ मैल, एक यार्डसुद्धा नाही. त्याहून जास्त तर टी (चेंडू ठेवायची खुंटी) किती खोल रोवली यावर अवलंबून असतं.

मग वेग येतो कुठून? आपल्याकडे शेतात पाखरं हाकायला गोफण फिरवतात ती आठवा. तिच्या दोरीत स्प्रिंग नाही, ती वाकून काही साठवत नाही, तरी दगड हातापेक्षा कितीतरी वेगाने सुटतो. हात एका वाटेने ओढतो, योग्य क्षणी मंदावतो आणि हाताकडची ऊर्जा पुढे दगडात जाते. गोल्फचा स्विंग असाच आहे. खांद्यापासून हात हा एक दुवा, मनगटापासून क्लब हा दुसरा. मनगटाचा कोन खाली येताना टिकतो, मग उघडतो. उघडताना हात मंदावतात आणि हेड सुसाट सुटतं. तेवढ्यापुरता शाफ्ट साधी दांडी असता तरी चाललं असतं. लाँग ड्राइव्हच्या स्पर्धांतली मंडळी अतिशय ताठ शाफ्ट लावून खेळतात, हा त्याचा व्यवहारातला पुरावा. मऊपणात अंतर असतं तर त्यांनी ते केव्हाच उचललं असतं.

हिकरीचंही, म्हणजे पूर्वीच्या लाकडी शाफ्टचंही, तेच. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या सेंट अँड्र्यूजच्या आर अँड एने पोलादी शाफ्टला १९२९ मध्ये मान्यता दिली. बॉबी जोन्सने १९३० साली चारही मोठ्या स्पर्धा एका वर्षात जिंकल्या त्या हिकरीच्याच दांड्यांनी. तरी पुढच्या काही वर्षांत लाकूड मागे पडलं. ही तुलना सरळ नाही हे कबूल. हिकरी जड होती, शिवाय पिळायची. पण तिच्या लवचिकतेसाठी तिला धरून बसणारे फार उरले नाहीत.

चेंडूला लागण्याच्या क्षणाबद्दलही एक गैरसमज आहे, तो पटकन निकालात काढू. चेंडू फेसला अर्ध्या मिलिसेकंदापुरता चिकटलेला असतो. ४५.९ ग्रॅमचा चेंडू तेवढ्यात शून्यावरून सेकंदाला साधारण ६० मीटरवर जातो, म्हणजे सरासरी बल साडेपाच हजार न्यूटन. चार सेंटिमीटर पुढे वाकलेल्या शाफ्टचं टोक त्या वेळी जो जोर लावतं तो ६ न्यूटन. धक्क्याची लाट शाफ्टवरून हातापर्यंत जाऊन परत यायच्या आत चेंडू निघून गेलेला असतो. त्यामुळे ‘शाफ्ट चेंडूला रेटतो’, ‘आघाताच्या वेळी ग्रिप आवळा म्हणजे ताकद लागते’ ही सगळी बोलाचीच कढी.

इथवर वेगाचा विषय संपतो. आता शाफ्ट खरोखर जिथे फरक पाडतो ते.

शेवटच्या टप्प्यात शाफ्ट पुढे का वाकतो? किक हे त्याचं अर्धंच कारण. ड्रायव्हरच्या हेडचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेत नसतो. तो काही सेंटिमीटर मागे आणि बाहेर, टोच्या (हेडच्या बाहेरच्या टोकाच्या) बाजूला असतो. चेंडूजवळ येताना तुमच्या वेगाला हेड बाहेर खेचलं जातं ते सुमारे २८० न्यूटनने, म्हणजे २८ किलोंच्या ओढीने. ही ओढ गुरुत्वमध्याला ग्रिपच्या रेषेत आणू बघते. त्यासाठी शाफ्टचं टोक पुढे वाकतं आणि हेडचा टो खाली झुकतो. पुढे वाकलं की फेस आभाळाकडे बघू लागतो, म्हणजे लॉफ्ट वाढतो, आणि फेस थोडा बंदही होतो. टोक ४ सेंटिमीटर पुढे असेल तर लॉफ्टमध्ये साधारण साडेतीन अंशांची भर पडते. म्हणून ९ अंशांचा ड्रायव्हर चेंडूवर येताना ९ अंशांचा राहत नाही. टो झुकतो म्हणून चेंडू फेसवर कुठे लागतो तेही बदलतं.

तुम्हाला मित्राचा सल्ला लागू पडला तर तो इथून पडेल. शाफ्ट मऊ, पुढचा बाक जास्त, लॉफ्ट जास्त, चेंडू वरून जातो. तुमच्या वेगाला वरून गेलेला चेंडू हवेत जास्त जातो. माणूस म्हणतो, ‘किक लागली!’ लागलेला असतो लॉफ्ट.

आता याचाही आकडा बघा. ११ टक्के मऊ शाफ्टचा बाक ११ टक्के जास्त धरला तर ४ चे साडेचार सेंटिमीटर होतील, लॉफ्ट जेमतेम ०.४ अंश वाढेल. शिवाय २८ किलोंच्या ताणाखाली शाफ्ट मशीनवर दिसतो त्यापेक्षा बराच ताठ वागतो, तेव्हा फरक याहूनही कमी. हे झालं स्विंग तोच राहिला तर. माणूस मशीन नाही. हातात मऊ क्लब आला की कुणी नकळत सावकाश खेचतो, कुणी हेड सुटायची वाट बघतो, कुणाचं मनगट आधी उघडतं. माझ्या अनुभवात शाफ्ट बदलल्यावर दिसणारे मोठे फरक बहुतेकदा या बदलाचे असतात. तेही खरेच फरक आहेत, मी त्यांना कमी लेखत नाही. पण ते गणिताने आधी सांगता येत नाहीत, मारूनच कळतात, आणि काही वेळा पंधरा दिवसांत विरतात, कारण हात नव्या क्लबला सरावतात.

म्हणूनच ‘९२ मैल म्हणजे रेग्युलर’ असला तक्ता मी फक्त सुरुवातीला बघतो. वेगापेक्षा मी वरच्या वळणाकडे, म्हणजे बॅकस्विंग संपून क्लब खाली वळतो त्या क्षणाकडे, जास्त लक्ष देतो. सावकाश वळून एकसारखा वेग वाढवणारा माणूस १०० मैलांनाही रेग्युलर छान खेळतो. वरून झटका देणाऱ्याला ९० मैलांनाही तो शाफ्ट सैल वाटतो. हेड कुठे आहे ते त्याला कळत नाही आणि फटका फेसभर पसरतो. तुमचा व्हिडिओ मी पाहिलेला नाही, त्यामुळे तुम्ही यातले कोण हे मी सांगू शकत नाही. दुसरं म्हणजे शाफ्टवरच्या अक्षरांना कुठलंही प्रमाण नाही. एका कंपनीचा ‘रेग्युलर’ दुसरीच्या ‘स्टिफ’पेक्षा मशीनवर ताठ निघतो, हे नेहमीचं आहे. तुमचा आत्ताचा स्टिफ खरोखर किती ताठ आहे हे आधी मोजून घ्या. मोजायला दोन मिनिटं लागतात.

कुणीतरी तुम्हाला असंही सांगेल की २५० कंपनं म्हणजे एका कंपनाला ०.२४ सेकंद, तुमचा डाउनस्विंगही तेवढाच, तेव्हा दोघांचा ‘ताल’ जुळवला पाहिजे. ऐकायला फार गोड लागतं. पण मशीनवर ग्रिप व्हाइसमध्ये आवळलेली असते आणि क्लबवर ताण नसतो; स्विंगमध्ये ग्रिप मऊ हातांत असते, मनगट उघडत असतं आणि ताण क्षणाक्षणाला वाढत असतो. त्या २५० चा उपयोग दोन शाफ्टची तुलना करण्यापुरता. 

आता तुमचा क्लब. लक्षणं अशी: ९ अंश, ९२ मैल, चेंडू खाली, उजवीकडे वळतो. मी तुमच्या जागी असतो तर शाफ्टला हात लावण्याआधी लॉफ्ट वाढवला असता. या वेगाला चेंडू १३ ते १५ अंशांनी निघालेला मला आवडतो आणि ९ अंशांच्या हेडमधून तो तसा काढणं बऱ्याच जणांना जमत नाही. तुमच्या ड्रायव्हरला शाफ्ट आणि हेडच्या सांध्यात फिरवायची स्लीव्ह असेल तर क्लबबरोबर मिळालेला पाना काढा आणि लॉफ्ट १ ते दीड अंश वाढवा. एक पैसा खर्च नाही, आणि रेग्युलर शाफ्टकडून हिशेबाने मिळणाऱ्या ०.४ अंशाच्या तिप्पट फरक एका फिरकीत. स्लीव्हवर लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, तोही तुमच्या उजव्या वळणाला उपकारकच. स्लीव्ह नसेल तर कुणाचा तरी साडेदहा अंशांचा ड्रायव्हर मागून मारून बघा.

वळण मात्र यातल्या कशानेही पूर्ण जाणार नाही. चेंडू उजवीकडे वळतो कारण फेस स्विंगच्या वाटेच्या मानाने उघडा असतो. तो दोष शाफ्टने थोडा झाकता येतो, बरा करता येत नाही. त्यासाठी शाफ्टच्या किमतीत प्रोकडे चार धडे घ्या. हे सांगून मी माझंच गिऱ्हाईक घालवतो, पण असो.

लॉफ्ट जुळल्यावर शाफ्टकडे या, आणि तेव्हाही फ्लेक्सच्या (मऊ-ताठपणाच्या) आधी वजन बघा. ६५ ऐवजी ५५ ग्रॅमचा शाफ्ट लावला तर कुणाला ताशी एखादा मैल मिळतो, कुणाला काहीच नाही, आणि कुणाचा फटका इतका विस्कळीत होतो की मिळालेलं सगळं जातं. चाचणी नीट केली तरच हे कळेल. हेड तेच, लांबी तीच, लॉफ्ट तोच, बदल फक्त शाफ्टचा. लांबी अर्धा इंच वेगळी असेल तर तुम्ही लांबीची परीक्षा घेताय, शाफ्टची नाही. दुकानातल्या तुलनांत हे सर्रास घडतं. शाफ्टवरची अक्षरं आणि रंग टेपने झाका, मित्राला क्लब हातात द्यायला सांगा. एका शाफ्टने सलग मारू नका, तीन-तीन फटक्यांनी आलटून पालटून मारा, नाहीतर थकव्याचा दोष दुसऱ्या शाफ्टच्या माथी जातो. फेसवर व्हाइटबोर्डच्या मार्करने रेघोट्या ओढल्या की चेंडू कुठे लागला ते उमटतं. सर्वांत लांब गेलेला फटका विसरा. फटके फेसवर किती जवळ-जवळ उमटले, चेंडूचा वेग किती सारखा आला आणि उजवी-डावीकडचा पसारा किती, हे बघा. चेंडूचा वेग भागिले हेडचा वेग हा आकडा १.४८ च्या आसपास गेला की फटका मधोमध लागतोय; तुमचा १.४२ येत असेल तर हरवलेले यार्ड तिथे आहेत, शाफ्टच्या मऊपणात नाहीत. ९२ मैलांना १.४२ ऐवजी १.४८ म्हणजे चेंडूचा वेग ताशी साडेपाच मैल जास्त, आणि हेडचा वेग तोच राहून.

चाचणी रेंजच्या झिजलेल्या चेंडूंनी करू नका, तुम्ही खेळता त्या चेंडूंनी करा. पावसाळ्यात ओल्या फेसवर स्पिनचे (चेंडूच्या स्वतःभोवती फिरण्याचे) आकडे भरकटतात, तेव्हा निदान टॉवेल तरी जवळ ठेवा. आणि एक दिवस येरवड्याला, एक दिवस चेंबूरला अशी तुलना करू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे, इथली हवा थोडी विरळ, चेंडू काही यार्ड उगाच जास्त जातो. मुंबईहून आलेली मंडळी याचं श्रेय नव्या ड्रायव्हरला देऊन मोकळी होतात.

एवढं करून रेग्युलरने फटके जास्त मधोमध लागले आणि पसारा कमी झाला तर खुशाल रेग्युलर लावा, ९२ मैलांना त्यात काही गैर नाही. कोपर किंवा मनगट दुखत असेल तर तेही हलका शाफ्ट लावायला पुरेसं कारण आहे, तिथे यार्ड मोजत बसू नका. लॉफ्ट वाढवल्यावर चेंडू किती अंशांनी निघतोय, स्पिन किती आणि तो भागाकाराचा आकडा किती, एवढं इथे लिहा. वरच्या वळणाचा समोरून घेतलेला व्हिडिओ असेल तर तोही जोडा, मग कुठला शाफ्ट मागवायचा त्यावर बोलू.